न वाचलेला अंदाज

मार्च १९६० मध्ये लखनौला, लष्कराच्या पूर्व विभागाच्या मुख्यालयात, ‘लाल किल्ला’ नावाचा एक सराव झाला. त्यात एकही गोळी सुटली नाही. नकाशे होते, रस्त्यांचे आणि रसदीचे तक्ते होते, आणि एक प्रश्न होता: चीनने नेफावर, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशावर, चाल केली तर आपण कुठे आणि किती दिवस टिकू? सराव घेणारे विभागप्रमुख लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे कोल्हापूर संस्थानातल्या वडगावचे. याच प्रश्नावर त्यांनी ऑक्टोबर १९५९ मध्ये लष्करी मुख्यालयाला एक टिपण पाठवलं होतं. लष्करप्रमुख थिमय्यांना ते पटलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते उगाच घाबरवणारं ठरवून बाजूला सारलं. तीन वर्षांनी, ऑक्टोबर १९६२ मध्ये, युद्ध बरंचसं त्या टिपणात लिहिलेल्या वाटेनेच आलं.

युद्धाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत हिशेब का चुकतात, या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर हेरखात्याकडे बोट दाखवतं: माहिती कमी पडली. कोल्हापूर आणि भोवतालच्या मुलखाचा गेल्या साडेतीनशे वर्षांचा इतिहास डोळ्यांखालून घातला की हे उत्तर तोकडं वाटू लागतं. माहिती बहुतेक वेळा असते, कुणीतरी ती लिहूनही ठेवलेली असते. पहिला हिशेब तर सगळ्यांचाच चुकतो. शिवाजी महाराजांचाही चुकला. खरा फरक पडतो तो, चूक ध्यानात आल्यावर बेत बदलण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, तो माणूस रणांगणापासून किती लांब बसला आहे यामुळे.

महाराजांचा हिशेब चुकला, हे वाक्य आपल्याकडे लिहायला जरा धीर लागतो. पण पन्हाळ्याची गोष्ट नीट समजायची तर तिथूनच सुरुवात करावी लागते. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफजलखान पडला, आणि अठराव्या दिवशी, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा मराठ्यांच्या हाती होता. एवढा मोठा सरदार मारल्यावर समोरचा माणूस दम घेईल, तह-बोलणी करील, असं विजापूरने धरलं असावं. महाराजांनी दम घेतलाच नाही. त्यानंतर महिन्याने, २८ डिसेंबरला, कोल्हापूरजवळ रुस्तुमेजमान आणि अफजलखानाचा मुलगा फाजलखान यांच्या फौजेशी उघड्या मैदानात गाठ पडली. डोंगरात लपून लढणारे लोक मैदानात उभे राहणार नाहीत, हा विजापूरचा दुसरा अंदाज. तोही कोसळला. फौज मोडली, हत्तीघोडे हाती लागले, नेताजी पालकर विजापूरच्या परिसरापर्यंत धाडी घालत गेले. पन्नासएक दिवसांत आदिलशाहीची सगळी गणितं उलटीपालटी झाली.

आणि नेमकं इथेच, यश पाठोपाठ येत असताना, मराठ्यांच्या बाजूने हिशेब बिघडला. महाराज मिरजेच्या किल्ल्याला वेढा घालून बसले होते. मिरज पडत नव्हती. तोवर आदिलशाहाने कर्नूलच्या सिद्दी जौहरला सलाबतखान असा किताब देऊन मोठ्या फौजेनिशी रवाना केलं. मार्च १६६० च्या आरंभी महाराज पन्हाळ्यावर आले आणि गड वेढला गेला. शत्रूला स्वराज्याच्या सीमेवरच थोपवून धरायचं, पुणे-मावळचा मुलूख तुडवू द्यायचा नाही, असा त्यामागचा विचार दिसतो. विचार बरोबर होता. पण तो तीन गोष्टींवर टेकला होता: नेताजी बाहेरून वेढा फोडतील, पाऊस लागला की वेढा आपोआप ढिला पडेल, आणि दुसरा शत्रू इतक्यात येणार नाही. तिन्ही टेकू निसटले. नेताजी आणि सिद्दी हिलाल यांचा वेढा फोडायचा प्रयत्न फसला. सिद्दी जौहरने पावसासाठी छपरं उभारली आणि आषाढातही तो जागचा हलला नाही. मे महिन्यात शायिस्ताखान पुण्यात उतरला आणि पुढे चाकणला मोर्चे लागले.

पन्हाळ्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना महाराजांचा अंदाज मुळीच वेडगळ वाटणार नाही. हात पुढे केला तर बोटं दिसू नयेत असं धुकं, आठवडाभर न उघडणारी झड, पायाखाली तांबडा चिखल. अशा दिवसांत वेढा उठतो, हा त्या काळातला सगळ्यांचा अनुभव. चूक होती ती एवढीच, की सिद्दीही सगळ्यांसारखाच वागेल असं धरलं गेलं. युद्धातल्या बहुतेक चुका अशाच असतात. शत्रूची संख्या बरोबर मोजलेली असते, त्याची जिद्द मोजलेली नसते.

पुढची गोष्ट मराठी घरात लहान मुलालाही पाठ असते. १२ जुलैची रात्र, शरणागतीच्या बोलण्यांनी सैल झालेले पहारे, शिवा काशिदांनी घेतलेलं सोंग, घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांनी अडवून धरलेली वाट, आणि विशाळगडाखालीही सुर्वे-दळव्यांच्या मोर्च्यांतून काढावा लागलेला मार्ग. या शौर्याच्या तेजात एक कोरडी गोष्ट झाकली जाते. ज्या माणसाने पन्हाळ्यावर बसायचं ठरवलं, त्यानेच तो बेत चुकला हे ओळखलं आणि त्यानेच तो मोडला. मध्ये कुणी मंत्री नव्हता, समिती नव्हती. सप्टेंबरमध्ये तर पन्हाळा आदिलशाहीला देऊनही टाकला. गडाची अब्रू राखायला माणसं खर्ची घातली नाहीत. तो परत घ्यायला १६७३ साल उजाडलं. तेव्हा कोंडाजी फर्जंदाने साठेक माणसांनिशी एका रात्रीत काम उरकलं. आज जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणाऱ्या हजारो तरुणांना मी एवढंच सुचवीन, की वाटेत माघारीबद्दलही थोडं बोलावं. ती मोहीम म्हणजे शेवटी एक उत्तम योजलेली माघारच होती.

याच वेढ्यात तिसऱ्याच मंडळींचा हिशेब चुकला, तो मजेशीर आहे. राजापूरच्या वखारीतले इंग्रज, त्यांचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन, सिद्दीच्या मदतीला तोफ आणि दारूगोळा घेऊन पन्हाळ्याखाली आले आणि स्वतःचं निशाण लावून त्यांनी गडावर मारा केला. वेढ्यात अडकलेला माणूस आता संपला, तेव्हा विजयी बाजूच्या पंगतीला बसून घ्यावं, हा व्यापारी हिशेब. १६६१ मध्ये महाराजांनी राजापूर लुटलं आणि वखारवाल्यांना कैद केलं. त्यातले काही १६६३ पर्यंत सुटले नाहीत.

मराठेशाही गेल्यावर याच डोंगरांत आणखी दोन युद्धं झाली, आणि त्यांचे पहिले आठवडे लष्करी पाठ्यपुस्तकांत यायला हरकत नाही. १८४४ च्या पावसाळ्यात सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी गडाचे दरवाजे आतून लावून घेतले. कोल्हापूरचा राजा लहान होता, कारभार कंपनीच्या सल्ल्याने दाजी कृष्ण पंडित पाहत होते, आणि गडकऱ्यांच्या पिढीजात जमिनी मामलेदारांच्या देखरेखीखाली आणण्याचा निर्णय झाला होता. कारभाऱ्यांना ही जमाखर्चाची दुरुस्ती वाटली. गडकऱ्यांना ती आपल्या असण्यावरची कुऱ्हाड वाटली. बेळगावहून आलेली पहिली फौज पुरी पडली नाही. सामानगड पडायला १३ ऑक्टोबर उजाडला. तोवर उठाव पन्हाळ्यापर्यंत आणि खाली सावंतवाडीत पसरला होता. कर्नल ओव्हन्स हा बडा इंग्रज अधिकारी गडकऱ्यांनी पकडून पन्हाळ्यावर ठेवला होता. १ डिसेंबरला पन्हाळा तोफांनी फोडून घेतला गेला. काही आठवड्यांत मिटेल म्हणून धरलेलं प्रकरण पुढच्या वर्षापर्यंत पुरलं. पन्हाळ्याच्या मोडलेल्या तटबंदीत त्या तोफांचा हिशेब अजून वाचता येतो.

१८५७ मध्ये चूक उठाव करणाऱ्यांकडून झाली. ३१ जुलैच्या रात्री कोल्हापुरातली २७ वी पलटण उठली, खजिना लुटला आणि शहराकडे वळली. शहर आपल्याला मिळेल, दरवाजे उघडतील, या भरवशावर सगळा बेत उभा होता. दरवाजे बंद राहिले. भर पावसात पलटणीचे बरेच लोक कोकणच्या घाटांकडे पांगले. जे मागे राहिले त्यांना साताऱ्याहून घोडदौड करत आलेल्या लेफ्टनंट केरच्या स्वारांनी गाठलं. डिसेंबरात पुन्हा एकदा शहर उठलं, तेव्हा कर्नल जेकबने दरवाजा उडवून ते त्याच दिवशी मोडून काढलं. ऑगस्टमध्ये पलटण होती पण शहर नव्हतं. डिसेंबरमध्ये शहर होतं, तेव्हा पलटण उरली नव्हती. छत्रपतींचे भाऊ चिमासाहेब यांना पुढे कराचीला धाडण्यात आलं आणि ते तिथेच वारले.

आता परत थोरातांकडे. सँडहर्स्टहून १९२६ मध्ये कमिशन घेतलेला हा अधिकारी नुसता कागदी नव्हता. जानेवारी १९४५ मध्ये अराकानमधल्या कांगावच्या लढाईत एका ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींवर भारतीय अधिकारी होते: थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. तिघांनाही डीएसओ मिळाला. पुढे कोरियात युद्धकैद्यांवर देखरेख करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख थोरातच होते. त्यांच्या टिपणाचा गाभा साधा होता. सीमेवरच्या चौक्या शत्रू आल्याची खबर देण्यासाठी आहेत, लढण्यासाठी नाहीत. खरी लढाई मागे, बोमदिला, झिरो, दापोरिजो अशा ओळीवर द्यायची, जिथे आपला रस्ता जवळ आणि शत्रूचा रस्ता लांब पडतो. एवढ्यासाठीसुद्धा जास्त सैन्य आणि जास्त रस्ते लागतील, हेही त्यात मांडलं होतं. १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्यानंतर थोरात यावेत अशी त्यांची शिफारस होती. लष्करप्रमुख झाले थापर. थोरात निवृत्त झाले. पूर्व विभागावर त्यांच्या जागी आले ते कांगावचे तिसरे सोबती, एल. पी. सेन.

नोव्हेंबर १९६१ मध्ये दिल्लीने बरोबर उलटा रस्ता धरला. शक्य तितक्या पुढे चौक्या टाकायच्या. चिनी लोक आरडाओरडा करतील, पण मोठा हल्ला करणार नाहीत. हे गृहीतक गुप्तचर खात्याचे प्रमुख बी. एन. मलिक यांच्यापासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. जून १९६२ मध्ये नामका चू नदीच्या काठी ढोला चौकी उभी राहिली. ८ सप्टेंबरला चिनी सैनिक तिच्या वरच्या कड्यावर आले. इथून पुढचे सहा आठवडे जरा सावकाश पाहायला हवेत, कारण युद्ध खरं तर या सहा आठवड्यांत हरलं गेलं.

७ व्या ब्रिगेडला नदीच्या काठी खोल दरीत उतरवण्यात आलं. शत्रू वर, आपण खाली. पोरांच्या अंगावर उन्हाळी कपडे, विमानातून टाकलेली निम्मी रसद दरीत हरवलेली, तोफखाना जवळजवळ नाहीच. ब्रिगेडियर जॉन दळवी सांगत होते की ही जागा लढण्याजोगी नाही. त्यांच्यावरचे कोअर कमांडर उमरावसिंग यांनी लेखी कळवलं की पुरेसा साठा झाल्याशिवाय चिन्यांना हुसकावण्याची मोहीम अशक्य आहे. म्हणजे अंदाज पुन्हा एकदा कागदावर आला, तोही वेळेत. त्यावर दिल्लीने काय केलं? उमरावसिंगांकडून तो भाग काढून घेतला, नवी चौथी कोअर उभी केली, आणि ४ ऑक्टोबरला तिच्यावर बी. एम. कौल यांना नेमलं. कौल पंतप्रधानांच्या विश्वासातले होते. लढाईत सैन्य हाकल्याचा अनुभव त्यांना नव्हता.

१० ऑक्टोबरला सेंग जोंगला ९ पंजाबच्या एका छोट्या तुकडीवर चिनी तुटून पडले. हल्ला होणारच नाही हे गृहीतक त्या सकाळी कौलांच्या डोळ्यांदेखत मेलं. ते दिल्लीला धावले. तरीही ब्रिगेडला मागे घ्यायचं ठरलं नाही. कारण दोन दिवसांनी, कोलंबोला जाताना, नेहरूंनी विमानतळावर वार्ताहरांना सांगितलं होतं की चिन्यांना हटवण्याचे आदेश सैन्याला दिले आहेत. एकदा बोललेलं वाक्य मागे घेण्यापेक्षा ब्रिगेड खाली ठेवणं दिल्लीला सोपं वाटलं. कौल आजारी पडून दिल्लीला परतले आणि अंथरुणावरून सूत्रं हलवू लागले. २० ऑक्टोबरच्या पहाटे चिनी तोफा सुरू झाल्या, आणि काही तासांत ७ वी ब्रिगेड उरली नाही. दळवी कैद झाले. पाच दिवसांत तवांग गेलं.

माझ्या मते याहून मोठा अपराध पुढच्या तीन आठवड्यांतला आहे. चिन्यांनी तवांगला थांबून आपल्याला श्वास घ्यायला वेळ दिला होता. चुकलेला बेत मोडायची ती संधी होती. मेनन गेले, पण बेत बदलला नाही. सेला खिंड, सुमारे चौदा हजार फुटांवर, हीच धरायची असं ठरलं. जागा बळकट होती, पण मागचा रस्ता एकच आणि लांब. थोरातांनी मुख्य लढाईसाठी मागची ओळ का सुचवली होती, ते इथे उलगडलं. चिनी बेली वाटेने बगल देऊन सेला आणि बोमदिला यांच्या मध्ये उतरले. १८ नोव्हेंबरला सेला लढाईविना रिकामी झाली, पाठोपाठ बोमदिला गेलं. वायुदल लढाईत वापरलंच नाही. वापरलं तर चिनी बॉम्ब कोलकात्यावर पडतील, या धास्तीने. सरकारी आकड्यांप्रमाणे १,३८३ मेले, १,६९६ बेपत्ता झाले, ३,९६८ कैद झाले. युद्ध सुरू असताना नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतलं, तेव्हा ते टिपण आपल्याला कधी दाखवलंच गेलं नव्हतं असं ते म्हणाले, हे थोरातांनी आपल्या ‘फ्रॉम रेव्हेली टु रिट्रीट’ या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.

हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, हे आपलं लाडकं वाक्य. खरं तर सह्याद्री पोचला तेव्हा युद्धविराम झाला होता: यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली ती २१ नोव्हेंबरला. राजाराम कॉलेजचे हे जुने विद्यार्थी. त्यांचं खरं काम तीन वर्षांनी दिसलं. ऑगस्ट १९६५ मध्ये पाकिस्तानने काश्मीरमध्ये घुसखोर पाठवले. लोक उठाव करतील आणि भारत आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडणार नाही, असे दोन हिशेब पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष अयूबखान यांच्या डोक्यात होते. लोक उठले नाहीत. उलट बऱ्याच ठिकाणी त्यांनीच घुसखोरांची खबर दिली. १ सप्टेंबरला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे आले तेव्हा लष्कर आणि वायुदलाचे प्रमुख चव्हाणांसमोर बसले होते. १९६२ मध्ये शेवटपर्यंत न झालेला निर्णय, वायुदल वापरायचा, त्यांनी काही मिनिटांत दिला. ६ सप्टेंबरला भारतीय फौजा लाहोरच्या दिशेने सीमेपार गेल्या.

म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. त्याच दिवशी इछोगिल कालव्याकाठच्या डोगराईपर्यंत पोचलेली पलटण मागे घेतली गेली, आणि तीच डोगराई परत घ्यायला दोन आठवडे आणि बरंच रक्त गेलं. लाहोरच्या त्या आघाडीवर ढिलाई दाखवली म्हणून काढून टाकलेले मेजर जनरल निरंजन प्रसाद १९६२ मध्ये तवांगच्या बाजूला ४ थ्या डिव्हिजनचे प्रमुख होते, हे वाचून कपाळावर हात मारावासा वाटतो. युद्धाच्या शेवटी लष्करप्रमुख चौधरींनी दारूगोळा संपत आल्याचं पंतप्रधान शास्त्रीजींना सांगितलं. नंतर निघालेल्या हिशेबात आघाडीवरचा सुमारे १४ टक्केच वापरला गेल्याचं दिसलं.

कोठाराचा असा हिशेब मराठी पलटणींनी आधी एकदा भोगला होता. डिसेंबर १९१५ मध्ये मेसोपोटेमियात कुत इथे ६ वी पूना डिव्हिजन वेढली गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या; सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची माणसं. जनरल टाउनशेंडने धान्य थोड्याच आठवड्यांचं उरल्याचं कळवलं. ते ऐकून सुटकेची फौज पुरती जमायच्या आत घाईने चालून गेली आणि हन्नाला चिखलात कापली गेली. त्यानंतर गावातल्या घरांची झडती घेतली गेली, घोडे कापायला काढले गेले आणि कुत एप्रिलअखेरपर्यंत तगलं. धान्य आधीच नीट मोजलं असतं तर जानेवारीतली ती घाई टळली असती. २९ एप्रिल १९१६ ला तेरा हजारांनी शस्त्रं ठेवली. कैदेत त्यातले हजारो मेले.

युरोपातही वेगळं घडत नाही. १९१४ मध्ये जर्मनांनी सहा आठवड्यांत फ्रान्स आटोपायचं ठरवलं होतं. मार्न नदीवर तो बेत मोडला आणि युद्ध चार वर्षं चाललं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने कीव्ह काही दिवसांत पडेल असं धरलं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात कीव्हभोवतालचं सैन्य मागे घ्यावं लागलं. उपग्रह आले, ड्रोन आले, पण शत्रूने आपल्या सोयीने वागावं ही अपेक्षा तशीच राहिली.

शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावांनी या चुकांची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजली आहे, म्हणून हा प्रश्न कोल्हापूरने विचारायचा आहे. १९६२ च्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली आणि अहवाल १९६३ मध्ये दिला. २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा काही भाग उघड केला; सरकारने मात्र तो अजून अधिकृतपणे खुला केलेला नाही. साठ वर्षांपूर्वीच्या चौक्यांची गुपितं आज कुणाच्याही उपयोगाची नाहीत. केंद्राने तो अहवाल पूर्ण छापावा. आणि शिवाजी विद्यापीठाने थोरातांच्या त्या टिपणाची मूळ प्रत मागवून, मराठी भाषांतरासह, प्रसिद्ध करावी.